जेराल्ड ऑन्जिअर आणि मुंबईचा पैलतीर

आपल्याकडे वतनदाराच्या घरी चार मुलगे झाले म्हणजे वडीलकीचा मान थोरल्याचा, परंतु उत्पन्नात वाटा चौघांचा, अशी रीत होती. आणि त्या वाट्यांवरून माजलेल्या भाऊबंदकीने महाराष्ट्राच्या इतिहासाची कित्येक पाने भरली आहेत. इंग्रजांनी हा प्रश्न निराळ्या प्रकारे सोडविला. तेथे जमीन, वाडा आणि पदवी ही तिन्ही थोरल्याकडे जावयाची. धाकट्यांनी धर्मोपदेशक व्हावे, फौजेत शिरावे, नाहीतर एखाद्या व्यापारी कंपनीची चाकरी पत्करून समुद्रापार जावे. ही रीत न्यायाची की अन्यायाची, हा वाद येथे नको. सतराव्या शतकात सुरतेस आणि मुंबईस आलेले इंग्रज म्हणजे केवळ पोटासाठी देशोधडी लागलेले कारकून, अशी जी समजूत पुष्कळांची असते, ती मात्र या रीतीकडे पाहिले म्हणजे बदलावी लागते. त्यांत कारकून पुष्कळ होते हे खरे. पण ज्यांच्या घरी राजकारण हे पिढीजाद होते अशीही काही माणसे होती. मुंबईचा दुसरा कंपनी-गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर हा त्यांपैकी एक.

ऑन्जिअर घराण्याचा मूळ पुरुष फ्रान्सिस ऑन्जिअर हा इंग्लंडातील कायदेपंडित. १६०९ साली तो आयर्लंडात मोठ्या न्यायाधिकारावर गेला आणि १६२१ साली लाँगफर्डचा बॅरन झाला. त्याची पत्नी किल्डेअरच्या फिट्झजेराल्ड घराण्यातील; आयर्लंडात या घराण्याचा दरारा आपल्याकडील मोरे-शिर्क्यांसारखा होता असे म्हटले म्हणजे वाचकांस कल्पना येईल. घरात जेराल्ड हे नाव शिरले ते याच आजोळाकडून. बॅरनची पदवी प्रथम थोरल्या मुलाकडे गेली. तो १६५५ साली निपुत्रिक वारला, तेव्हा ती त्याच्या पुतण्याकडे, म्हणजे दुसऱ्या फ्रान्सिसकडे आली. या फ्रान्सिसचा बाप अँब्रोज हा धर्मोपदेशक होता आणि आई डब्लिनच्या आर्चबिशपची कन्या. जेराल्ड हा या दुसऱ्या फ्रान्सिसचा धाकटा भाऊ.

थोरल्या भावाचे चरित्र त्या काळच्या राजकारणी पुरुषाचे अगदी नमुनेदार चरित्र आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाचे पुनरागमन झाले त्या १६६० साली तो सरे परगण्यातर्फे पार्लमेंटात होता. पुढच्या वर्षापासून १६७९ पर्यंत अरुंडेल गावातर्फे होता. मध्यंतरी आयर्लंडच्या खजिन्यावर त्याने मोठा अधिकार भोगला. डब्लिन शहरात एका जुन्या मठाची जमीन त्याच्या घराण्याकडे होती. तीवर त्याने सत्तर फूट रुंदीचा रस्ता आखून प्रतिष्ठितांची नवी वस्ती वसविली. तो ऑन्जिअर रस्ता आजही डब्लिनमध्ये त्याच नावाने आहे. कवी टॉमस मूर याचा जन्म १७७९ साली याच रस्त्यावरचा. एका भावाने डब्लिनचे एक उपनगर वसविले आणि दुसऱ्याने त्याच सुमारास मुंबई वसविण्यास हात घातला. थोरल्यापाशी स्वतःची जमीन होती. धाकट्यापाशी दुसऱ्याचे बेट, दुसऱ्याचा पैसा आणि दुसऱ्याचा हुकूम, एवढेच होते.

त्या बेटाकडे आजवर बहुतेकांनी मुंबईच्या किल्ल्यातून पाहिले आहे. हा लेख खाडीच्या अलीकडे, शिरवण्यास लिहिला जात आहे. नेरूळ आणि जुईनगर यांच्यामध्ये वसलेले हे गाव आज नव्या मुंबईत गणले जाते. शीव-पनवेल रस्ता त्याच्या अंगावरून जातो आणि कारखाने त्याच्या कुशीस आहेत. परंतु ठाण्याच्या खाडीचा हा पूर्वकिनारा पिढ्यान् पिढ्या भातखाचरांचा, मिठागरांचा आणि आगरी-कोळ्यांचा किनारा. उत्तरेस कल्याण-भिवंडी, दक्षिणेस पनवेल, पेण आणि नागोठणे, आणि पश्चिमेस खाडीपलीकडे मुंबईची बेटे. येथून पाहिले म्हणजे ऑन्जिअरच्या कारकीर्दीतील एक गोष्ट, जी किल्ल्यातून पाहणारास बारीक दिसते, ती मोठी दिसू लागते. मुंबई राहत होती बेटावर, पण जेवत होती या किनाऱ्यावर.

जेराल्ड १६६२ च्या सुमारास सुरतेस कंपनीच्या चाकरीत आला. सुरतेचा प्रेसिडेंट त्या वेळी सर जॉर्ज ऑक्सेंडन होता. तोही केंट परगण्यातील नामांकित घराण्याचा धाकटा मुलगा, आणि त्याचाही वडील भाऊ पार्लमेंटात. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा मोगलांचा सुभेदार किल्ल्यात दडून बसला आणि ऑक्सेंडनने आपली वखार मूठभर माणसांनिशी राखली. त्याबद्दल औरंगजेबाने त्यास मानाचा पोशाख पाठविला आणि इंग्रजांस जकातीत सूट दिली. या प्रसंगातून सुरतेच्या इंग्रजांनी दोन धडे घेतले. मोगलाच्या संरक्षणावर विसंबून भागणार नाही, हा पहिला. आणि महाराज हे केवळ लुटारू नव्हेत, त्यांच्याशी कधीतरी बोलणे करावेच लागेल, हा दुसरा. दुसरा धडा पचनी पडावयास मात्र दहा वर्षे गेली.

मुंबई इंग्रजांच्या पदरात कशी पडली ती कथा वाचकांस ठाऊकच आहे. १६६१ च्या विवाहतहाने ती पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण आली. परंतु ती ताब्यात घ्यावयास आलेल्या सर अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी दारातूनच परत लावले, आणि तो अंजदीव बेटावर रोगराईत आपल्या बहुतेक शिपायांसह मरून गेला. १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्रे कुकच्या हाती एकदाचे बेट आले, तेही ठाणे, साष्टी आणि कारंजा वगळून. राजाला हे आंदण महाग पडू लागले तेव्हा त्याने १६६८ साली ते सालिना दहा पौंड खंडणीवर कंपनीच्या गळ्यात घातले. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १६६९ रोजी, ऑक्सेंडन सुरतेस वारला आणि प्रेसिडेंटपद ऑन्जिअरकडे आले.

त्याने १६७० च्या आरंभी मुंबईस भेट दिली आणि १६७२ च्या जूनमध्ये तर तो तेथे राहावयासच आला. तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. ही तीन वर्षे हाच त्याच्या चरित्राचा गाभा होय.

त्याला प्रथम सोडवावा लागला तो जमिनीचा प्रश्न. बेटावरील जुन्या पोर्तुगीज आणि देशी जमीनदारांचे हक्क कोणते व राजाचे कोणते, याचा घोळ कुकच्या वेळेपासून चालला होता. जप्त्या झाल्या होत्या आणि कोणाचाही पाय स्थिर नव्हता. ऑन्जिअरने जमीनदारांस बोलावून त्यांच्याशी करार केला. सर्वांनी मिळून सालिना वीस हजार शेराफिन भरावे, आणि ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे निर्वेध असावे, असे ठरले. १ नोव्हेंबर १६७२ चा हा करार. १६ जुलै १६७४ रोजी तो कायम झाला. मुंबईच्या जमिनीचा पुढील सारा इतिहास या कागदावर उभा आहे. जेत्याने जिताबरोबर करार करावा आणि तोही घासाघीस करून करावा, ही गोष्ट त्या काळी इतकी सामान्य नव्हती की तिची नोंद न करता पुढे जावे.

दुसरे न्यायदानाचे. १६७२ च्या ऑगस्टपासून पोर्तुगीज कायदा बंद होऊन इंग्रजी कायदा सुरू झाला, आणि ८ ऑगस्ट रोजी नव्या न्यायालयाचे उद्घाटन मोठ्या थाटाने झाले. त्या मिरवणुकीचे वर्णन उपलब्ध आहे आणि ते मोठे मौजेचे आहे. पुढे हिरव्या पोशाखातील पन्नास भंडारी दोन-दोनच्या रांगेने. मागून वीस हिंदू, वीस मुसलमान आणि वीस ख्रिस्ती, आपापल्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून. मग गव्हर्नरचा कोतवाल घोडा. रणशिंगे आणि नगारे. राजाची सनद आणि कंपनीचा हुकूमनामा रेशमी उपरण्यांत गुंडाळून घेऊन चाललेले चिटणीस. आणि शेवटी पालखीत स्वतः ऑन्जिअर. हा थाट पोरकट होता असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या माणसापाशी फौज तुटपुंजी आणि खजिना रिता आहे, त्याने सत्तेचे दर्शन घडवावयाचे ते असेच. शिवाय वीस-वीस-वीसचा तो हिशेब पाहा. बेटावर जात-जमातींचे आपापले पंच असावेत आणि किरकोळ तंटे त्यांनीच तोडावेत, ही ऑन्जिअरची योजना त्या मिरवणुकीतच पायी चाललेली दिसते.

तिसरे वस्तीचे. व्यापाऱ्यांवाचून बंदर ही ओसाड गढी, हे तो सुरतेत शिकला होता. दीवच्या नीमा पारख नावाच्या वाणी व्यापाऱ्यास मुंबईत येण्यापूर्वी शर्ती लिहून हव्या होत्या, आणि त्या १६७७ च्या मार्चमध्ये मान्य झाल्या. धर्माचार निर्वेध असावा, मृतांचे दहन आपल्या रीतीप्रमाणे करता यावे, वस्तीजवळ प्राणिहत्या होऊ नये, अशा त्या शर्ती होत्या. वसईपासून गोव्यापर्यंत पोर्तुगीजांच्या मुलखात देवळांची आणि होमहवनाची काय अवस्था होती हे ज्यांस माहीत आहे, त्यांस या कागदाचे मोल सांगावयास नको. पारशांचा मलबार टेकडीवरील पहिला दखमाही याच सुमाराचा. स्वतः ऑन्जिअर कट्टर धर्मनिष्ठ होता. इंग्लंडहून धर्मोपदेशक पाठवा म्हणून तो कंपनीच्या पाठीस लागे, आणि १६७५ साली त्याने मुंबईच्या चर्चला अर्पण केलेला चषक प्रसिद्ध आहे. परंतु आपला धर्म आपल्यापाशी ठेवून दुसऱ्यास त्याचा धर्म पाळू देण्यात व्यापाराचा लाभ आहे, हे त्यास पक्के कळले होते. ही सहिष्णुता हृदयातली की हिशेबातली? दोन्हीतली असावी, आणि केवळ हिशेबातली असली तरी ज्यांस ती मिळाली त्यांचे काही बिघडले नाही. पोर्तुगीजांच्या वेळी दहा हजार असलेली वस्ती साठ हजारांवर गेली असे डॉक्टर फ्रायर या समकालीन प्रवाशाने लिहिले आहे. आकडा अंदाजाचा खरा, पण वाढ डोळ्यांत भरण्याजोगी होती एवढे त्यावरून दिसतेच.

संकटेही कमी आली नाहीत. १६७३ च्या फेब्रुवारीत डच सेनापती व्हान गोएन्स बावीस जहाजे आणि हजार शिपाई घेऊन मुंबईसमोर येऊन ठाकला. ऑन्जिअरने बेटावरील जमीनदारांची शिबंदी उभी केली, भंडाऱ्यांच्या हाती सोटे दिले, आणि स्वतः तटावर फिरून असा काही आव आणला की डच आल्या वाटेने निघून गेले. घरचे दुखणे याहून कठीण होते. पगार आणि शिधा यांवरून १६७४ साली कंपनीच्या गोऱ्या शिपायांनीच बंड केले. ऑन्जिअरने त्यांच्या बऱ्याच मागण्या मान्य केल्या, आणि फेक नावाच्या एका कॉर्पोरलला २१ ऑक्टोबर रोजी गोळी घालविली. लंडनचे डायरेक्टर मात्र तटबंदीला इतका खर्च का, असा सवाल करीत राहिले. पेशव्यांच्या सरदारांस पुण्याहून येणारी पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांस हा सूर ओळखीचा वाटेल.

आता पैलतीराकडे वळू.

बेटावर माणसे वाढली, पण त्यांस लागणारे धान्य, गुरे, सरपण आणि इमारती लाकूड बेटावर नव्हते. ते येत होते कल्याण, पनवेल, पेण आणि नागोठणे या बाजूने, होड्यांतून. हा मुलूख महाराजांचा. कल्याण-भिवंडी त्यांनी १६५७ सालीच घेतली होती. मध्ये ठाणे आणि कारंजा येथे पोर्तुगीज बसलेले. ते मुंबईच्या होड्यांकडून जकात उकळीत, आणि त्यावरून ऑन्जिअरचा त्यांच्याशी सतत कज्जा चाले. म्हणजे पोट एकाच्या हाती आणि गळा दुसऱ्याच्या. आणि हेही थोडे म्हणून की काय, तिसरा एक पाहुणा दर पावसाळ्यास बंदरात येऊन बसू पाहत असे. तो जंजिऱ्याचा सिद्दी.

सिद्दी हा औरंगजेबाचा दर्यावरील सरदार झाला होता. त्याचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात मुक्काम करू मागे. त्यास नको म्हणावे तर सुरतेत मोगल सुभेदार कंपनीच्या वखारीस कुलूप ठोकील. या म्हणावे तर महाराज या किनाऱ्याहून जाणारी शिधासामग्री बंद करतील. इंग्रजांचा व्यापार सुरतेस ओलीस, आणि मुंबईचे जेवण कल्याण-पेणेस ओलीस. ऑन्जिअरची प्रसिद्ध तटस्थता ती हीच. तिची तारीफ इंग्रज ग्रंथकारांनी पुष्कळ केली आहे, आणि चातुर्य म्हणून ती तारीफ खोटी नाही. महाराज तोफा-दारूगोळा मागत, तो उघडपणे विकावयाचा त्याने चुकविला. सिद्दी आणि मोगल मदत मागत, तीही त्याने शब्दांत गुंडाळून चुकविली. पण ही तटस्थता दोन्ही पारड्यांत सारखी नव्हती. महाराजांनी १६७२ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीस हात घालताच इंग्रजांची गलबते सिद्दीच्या बरोबरीने आडवी आली.

आणि तटस्थतेचा खर्च कोणी सोसला? १६७३ च्या ऑक्टोबरात सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात शिरले, आणि तेथून त्याच्या टोळ्यांनी पेण-नागोठण्याच्या नद्यांत घुसून तेथील गावे जाळली, लुटली. इंग्रज ज्यास कोर्ले म्हणत तो हा किनारा. आणि मुंबईचा दाणागोटा याच गावांतून येतो, हे इंग्रजांच्याच कागदांत स्पष्ट आहे. ज्यांच्या भातावर बेट जगत होते त्यांची घरे बेटाच्या बंदरातून निघालेल्या गलबतांनी जाळली, आणि बेट तटस्थ होते. १६७४ च्या एप्रिलात सिद्दी पुन्हा आला तेव्हा त्याची माणसे शीव आणि माझगाव येथे उतरून रयतेस घरांतून हुसकू लागली. तेव्हा मात्र किल्ल्यातील शिबंदी बाहेर पडली आणि तिने त्यांस मागे रेटले. शेवटी, एका वेळी तीनशेहून अधिक सिद्द्यांनी जमिनीवर उतरू नये आणि तलवारीखेरीज हत्यार बाळगू नये, असे ठरले. शीवची रयत कंपनीची होती, पेणची नव्हती. एवढाच काय तो फरक. ऑन्जिअरला हे दिसत नव्हते असे नाही. गावे जळाली की आपला शिधा महागतो हे त्यास दिसत होते. त्यापलीकडे पाहण्याचे काम कंपनीने त्यास सांगितले नव्हते.

असे असूनही महाराजांनी मुंबईची रसद कायमची तोडली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. डचांनी मुंबई घेण्यासाठी त्यांच्याकडे तीन हजार माणसांची मदत मागितली आणि बदल्यात जंजिऱ्याच्या कामी साह्य देऊ केले, तेही त्यांनी स्वीकारले नाही. कारण उघड आहे. मुंबईस मीठ, भात आणि लाकूड विकून जो पैसा येतो तो याच किनाऱ्यावर येतो. आणि एक दुबळा, तडजोडीचा इंग्रज शेजारी जबर डचापेक्षा बरा. दोन्ही तीरांवर एकाच वेळी हिशेब जाणणारी माणसे बसली होती, हे मुंबईचे भाग्य.

या हिशेबाचा जमाखर्च शेवटी रायगडावर मांडला गेला. राजापूरची वखार १६६१ साली लुटली गेली होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरास दारूगोळा पुरवून जी आगळीक केली तिचे ते उत्तर होते. हुबळीची वखार १६७३ साली लुटली गेली. नुकसानभरपाईसाठी ऑन्जिअरने प्रथम उस्टिक, मग निकल्स असे वकील पाठविले. महाराजांकडून भीमाजी पंडित मुंबईस आले. पदरात काही पडले नाही. अखेर १६७४ च्या मे महिन्यात, राज्याभिषेकाचा योग साधून, ऑन्जिअरने हेन्री ऑक्सेंडनला रवाना केले. हा सर जॉर्जच्याच घराण्यातील. १३ मे रोजी तो मुंबईहून निघाला, चौलमार्गे पाचाडास पोहोचला; महाराज तेव्हा प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनास गेले होते. २२ तारखेस तो गडावर चढला आणि २६ तारखेस भेट झाली. नारायण शेणवी दुभाषी, आणि मध्यस्थ निराजीपंत.

राज्याभिषेकाचे त्याने केलेले वर्णन मराठी वाचकांस आता पाठ झाले आहे: सोळा हजार होनांची सुवर्णतुला, सिंहासनाच्या बाजूस भाल्यांवर सोन्याचे मत्स्य आणि न्यायाचा तराजू, दारापाशी उभे केलेले दोन लहान हत्ती. इतक्या बिकट वाटेने हे हत्ती वर आणले तरी कसे, याचे त्यास नवल वाटले. गडावर मांस विकणारा एक म्हातारा खाटीक, आपल्या गिऱ्हाइकांनी कित्येक वर्षांत घेतले नसेल इतके मांस थोड्या दिवसांत फस्त करणारे हे लोक आहेत तरी कसे, म्हणून मुद्दाम पाहावयास आला, ही गोष्टही फ्रायरच्या ग्रंथात आली आहे. जाता जाता एवढे सांगितले पाहिजे की ६ जून १६७४ ही जी तारीख आपण धरतो ती इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या पंचांगाची. नव्या पंचांगाने ती दहा दिवस पुढे जाते.

परंतु आमच्या विषयास तहाची कलमे अधिक महत्त्वाची. १२ जून रोजी ती ठरली. राजापूरबद्दल दहा हजार होन भरपाई, मालावर शेकडा अडीच जकात, आणि वखारी घालण्याची मोकळीक, हे मान्य झाले. हुबळीची जबाबदारी महाराजांनी घेतली नाही. इंग्रजी नाणे आपल्या राज्यात चालावे या कलमावर त्यांचे उत्तर असे की, आम्ही कोणतेच नाणे चालण्यास मना करीत नाही, मग कलम कशास? फुटून किनाऱ्यास लागलेल्या गलबतांचा माल परत द्यावा, हे मात्र त्यांनी कोकणच्या परंपरागत कायद्याविरुद्ध म्हणून नाकारले. आणि सिद्दीशी सलोखा करावा, ही ऑन्जिअरची जी मुख्य इच्छा, तिच्याविषयी हट्ट न धरण्याचा सल्ला निराजीपंताने ऑक्सेंडनला आधीच दिला होता. या वाटाघाटीत अडाण्यास हुशाराने गुंडाळल्याचा मागमूस नाही. व्यापाऱ्याने मागितले, राजाने त्यातले निवडून दिले. भरपाईची वसुली पुढे वर्षानुवर्षे रखडली हा भाग वेगळा. पण निराजीपंताच्या जागी दुसऱ्या एखाद्या दरबारचा कारभारी असता तर कंपनीने तेथेच चार कलमे अधिक पदरात पाडून घेतली असती, असे आम्हांस वाटते. १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने इंग्रजी वखारींचे शिवकालीन कागद छापून प्रसिद्ध केले तेव्हापासून हा सारा व्यवहार तारीखवार पाहता येतो. ज्यांस सवड आहे त्यांनी तो अवश्य पाहावा.

१६७५ च्या उन्हाळ्यात ऑन्जिअरने डॉक्टर फ्रायरला जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याकडे पाठविले, ते खाडीच्या वाटेने ठाणे-कल्याण करून. फ्रायरने कल्याणच्या भग्न वैभवाचे आणि वाटेतल्या खेड्यांच्या दैन्याचे वर्णन केले आहे. तो दोष महाराजांच्या अंमलाकडे टाकतो. युद्धाने पोळलेल्या मुलखात रयत सुखी नसावयाची हे खरेच. परंतु पोर्तुगीजांचा हात त्या भंगण्यात होता हे तोही कबूल करतो, आणि सिद्दीची आग तर आपण वर पाहिलीच. मुंबईच्या साठ हजारांत या किनाऱ्यावरून पळून गेलेली माणसे किती असतील, हा प्रश्न फ्रायरला पडला नाही. कोळी, भंडारी, आगरी यांस खाडी ओलांडणे म्हणजे अंगण ओलांडण्यासारखे. ऑन्जिअरने शर्ती लिहून बोलावले ते वाणी. न बोलावता जे आले त्यांच्या नावाचा करारनामा कोठे नाही.

म्हणून ‘मुंबईचा संस्थापक’ ही पदवी ऑन्जिअरला देताना आम्ही ती काढून घेऊ म्हणत नाही. ती त्याने कष्टाने मिळविली आहे. कायदा, न्यायालय, जमिनीची शाश्वती, धर्माची मोकळीक आणि शेजाऱ्यांशी युक्तीने वागणे, या पाच गोष्टी ज्याने सहा-सात वर्षांत एका दलदलीच्या बेटावर रुजविल्या तो सामान्य पुरुष नव्हे. फक्त त्या पदवीत पैलतीराचा वाटा लिहिला जावा, एवढेच आमचे म्हणणे. मुंबईस दाटी झाली की तिने पूर्वेकडे हात पसरावा हे तेव्हाही होते आणि पुढेही होत आले. १९७० साली नवी मुंबई वसविण्याचे काम सिडकोकडे आले तेव्हा शिरवणे, नेरूळ, बेलापूर येथील शेतजमिनीच लागल्या. भात नेणाऱ्यांनी शेवटी खाचरच नेले.

१६७५ च्या सप्टेंबरात ऑन्जिअर सुरतेस परतला. प्रकृती ढासळली होती. ३० जून १६७७ रोजी तो तेथेच वारला. वय चाळिशीच्या आतबाहेर. तोल सांभाळणारा गेल्यावर तोल फार दिवस टिकला नाही. १६७९ साली महाराजांनी खांदेरी घेतलीच आणि ती परत घेण्याच्या खटपटीत इंग्रजांनी मार खाल्ला; पाठोपाठ सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि मुंबईच्या तोंडाशी दोन्ही शत्रू समोरासमोर बसले. १६८३ साली कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई राजाच्या नावाने ताब्यात घेतली. १६८९ साली तर ज्या सिद्दीस बंदरात थारा देऊन इंग्रज तटस्थ राहिले होते, त्याच जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने शिवडीवर उतरून माझगाव आणि माहीम घेतले आणि गव्हर्नरास किल्ल्यात कोंडले. औरंगजेबाची माफी मागून आणि दंड भरून १६९० च्या जूनमध्ये इंग्रजांनी सुटका करून घेतली. जाताना सिद्दीने माझगावची गढी जाळली.

जेराल्डच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, १६७७ च्या डिसेंबरात, त्याचा थोरला भाऊ फ्रान्सिस लाँगफर्डचा अर्ल झाला. तो १७०० साली निपुत्रिक वारला, पदवी अँब्रोज नावाच्या भावाकडे गेली, आणि पाचएक वर्षांत तोही निपुत्रिक वारल्यावर ऑन्जिअरांची अर्ल ही पदवी संपली.